चौदा हजार सहाशे चाळीस, आणि एक

अकराला अकराने गुणले की एकशे एकवीस होतात. त्यांना पुन्हा अकराने गुणले की तेराशे एकतीस, आणि आणखी एकदा गुणले की चौदा हजार सहाशे एक्केचाळीस. रुद्राच्या आवर्तनांना याच चढत्या क्रमाने एकादशिनी, लघुरुद्र, महारुद्र आणि अतिरुद्र अशी नावे आहेत. यांतील शेवटच्या संख्येने माझ्या आयुष्यातले चार महिने घेतले. त्या चार महिन्यांत मी द्वेष सोसला आणि सोसला तितकाच केलाही. श्रीशंकराच्या सेवेत बसून हे घडले, म्हणून ते लिहून ठेवण्याचे मी आजवर टाळत आलो.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. राज्य इंग्रजांचे होते आणि आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. तापीच्या उत्तर काठावरील एका गावच्या वृद्ध गुजर पाटलांनी अतिरुद्राचा नवस बोलला होता. साथीच्या तापात त्यांच्या घरातील चार माणसे आठवड्याभरात गेली आणि पाचवा, नातू, अंथरुणावर असताना त्यांनी शिवालयाच्या उंबऱ्यावर डोके टेकून हा शब्द दिला होता. नातू वाचला, वाढला, त्याचे लग्नही झाले. नवस मात्र दरवर्षी पुढे ढकलला गेला, कारण एवढे वैदिक एकत्र आणणे त्या भागात सोपे नव्हते. आता पाटलांना दम्याने घेरले होते. दहा पावले चालले की ते कुडाला धरून उभे राहत. मला बोलावणे पाठवले तेव्हा त्यांनी निरोपात एवढेच सांगितले होते, की आकडा पुरा झालेला मला माझ्या डोळ्यांनी पाहायचा आहे. एक जरी उणा राहिला, तरी नवस फिटला असे मी समजणार नाही.

एकशे एकवीस ब्राह्मण मिळते तर अकरा दिवसांत काम झाले असते. आम्ही मिळालो अकरा. अकरा जणांनी रोज अकरा आवर्तने करायची, म्हणजे दिवसाला एकशे एकवीस, आणि असे एकशे एकवीस दिवस. वसुबारसेला संकल्प सुटला की महाशिवरात्रीला पूर्णाहुती येत होती. तिथींचा हा मेळ मीच घालून दिला होता, आणि त्यामुळे गणकाचे काम माझ्याकडे आले. मी इतरांबरोबर पाठालाही बसत असे. मोजणी हे वरचे काम.

आचार्यपदी होते ते साठीच्या पुढचे घनपाठी होते. त्यांचा आवाज असा, की पहाटे ते नदीवर स्नानाचे मंत्र म्हणू लागले की पैलतीरावरचा भोई उठून बसे. वेदाचे एक अक्षर इकडचे तिकडे होऊ न देण्यात त्यांनी जन्म घालवला होता. मी पाठशाळेत व्याकरण आणि ज्योतिष शिकलेला. संहिता मुखोद्गत केली ती नंतर, आणि तीही अर्धीमुर्धी. त्यांच्या दृष्टीने मी पोथीतला ब्राह्मण होतो. तोंडओळख होताच त्यांनी विचारले, "गणित येते म्हणे तुम्हाला?"

"थोडेसे येते, आचार्य."

"बरे आहे. ज्याला स्वर येत नाही त्याला काहीतरी यायला हवेच."

इथवर मी ते आशीर्वादासारखे घेतले. वैर जुंपले ते तिसऱ्या दिवशी, चिंचोक्यांवरून.

मोजणीची रीत अशी होती. मध्ये मोठे ताम्हन ठेवलेले असे, आणि एक आवर्तन संपले की प्रत्येकाने आपल्याजवळचा एक चिंचोका त्यात टाकायचा. पाटलीणबाईंनी दोन पावसाळ्यांपासून चिंचोके धुऊन, वाळवून मडक्यांत भरून ठेवले होते. दिवसाअखेर ताम्हनात एकशे एकवीस चिंचोके भरले पाहिजेत. ते मी मोजून पुरचुंडीत बांधी, गाठीला दिवसाचा अंक लिहिलेली पट्टी अडकवी, आणि पुरचुंडी देवळातील डालग्यात ठेवी. मोजण्यासाठी मी ते सारवलेल्या जमिनीवर अकरा ओळींत अकरा-अकरा मांडत असे. एकशे एकवीस ही वर्गसंख्या आहे. चौकोन भरला की मोजायचे काही उरत नाही, डोळाच सांगतो.

मला एक सुधारणा सुचली. प्रत्येकाने चिंचोके सामाईक ताम्हनात न टाकता आपल्या पुढ्यातील द्रोणात टाकावेत, म्हणजे कधी कमीजास्त झालेच तर ते कोणाकडून झाले हे लगेच कळेल. मी हे सर्वांसमक्ष, जेवणाच्या पंगतीत बोललो. ती माझी पहिली चूक.

आचार्यांनी हातातला घास पानात ठेवला. "म्हणजे चोर कोण हे तुम्हाला कळेल."

"चोर मी म्हटले नाही."

"अकरा द्रोण मागितलेत, म्हणजे म्हटलेच. रुद्र म्हणणाऱ्याची झडती घेणारे तुम्ही कोण? दहा ग्रंथांतले दोन पाठ, आणि जकातनाका मात्र कैलासाचा."

पंगत हसली. खांडबाऱ्याकडून आलेला एक गोरटेला वैदिक होता, आचार्यांचा शिष्य. तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवसापासून माझे पान पंगतीच्या टोकाला, जिथे चुलीचा धूर येई तिथे मांडले जाऊ लागले. मार्गशीर्षाच्या थंडीत नदीवरून येऊन पाहावे तर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या सोवळ्याला कोणीतरी हात लावलेला असे. कोणी लावला हे विचारले की उत्तर ठरलेले: "वाऱ्याने लागला असेल, शास्त्रीबुवा." मग ते पुन्हा बुडवायचे, पिळायचे आणि ओलेच नेसून पाठाला बसायचे. दिवसभर पाठीच्या मणक्यातून थंडी जात नसे. मी तक्रार केली नाही. ही सहनशीलता आहे असे तेव्हा मला वाटे. प्रत्यक्षात मी त्या दहा जणांचा एकेक अपराध चिंचोक्यासारखा मनात बांधून ठेवत होतो.

त्या एकांतात मला सोबत झाली ती त्या संख्येचीच. पाठ संपल्यावर इतर मंडळी गुऱ्हाळाकडे काकवी प्यायला जात. मी देवळाच्या ओट्यावर धुळीत बोटाने अंक लिहीत बसे. चौदा हजार सहाशे एक्केचाळीस उजवीकडून वाचा वा डावीकडून, तीच. छंदशास्त्रात लघुगुरूंचा मेरुप्रस्तार शिकलो होतो. चार अक्षरांच्या चरणात सर्व गुरू असण्याचा प्रकार एक, एक लघु असण्याचे चार, दोन लघूंचे सहा, तीन लघूंचे चार, सर्व लघूंचा एक. एक, चार, सहा, चार, एक. गुरुजींनी ज्या मेरूची ही पायरी आम्हांकडून घोकून घेतली, तीच पायरी अतिरुद्राच्या अंकांत जशीच्या तशी उभी होती. महारुद्र तिच्या वरची पायरी, लघुरुद्र त्याच्याही वरची. पुढच्या पायरीवर मात्र दहा येतात आणि दहा एका घरात मावत नाहीत. अंक एकमेकांवर चढतात आणि मेरू मोडतो. परंपरा अतिरुद्रापाशी का थांबली असेल याचे उत्तर मला त्या धुळीत सापडले, असे मी मानले. शास्त्रात त्याला आधार नाही. तरीही मी हात जोडले.

या संख्येचा स्वभावही मला कळला. एक, अकरा, एकशे एकवीस, तेराशे एकतीस आणि ती स्वतः. या पाचांखेरीज कोणीही तिला निःशेष भागत नाही. हे मी एकदा भाबडेपणाने त्या गोरटेल्या वैदिकाला सांगितले, की अकरांतला एक जरी उठून गेला तरी दहांना हे काम समान वाटून घेता येणार नाही. दहाने भागले की एक उरतोच.

तो आचार्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "हो, आणि तो एक कोण ते पंगतीत टोकाला बघितले की कळते."

साठावा दिवस मार्गशीर्ष वद्यातला होता. संध्याकाळी मी चिंचोके मांडले. दहा ओळी भरल्या, अकरावी ओळ दहावर संपली, आणि कोपऱ्यातले घर रिकामे राहिले. मी ताम्हन उलटे केले, चटया झाडल्या, समईच्या बुडाशी पाहिले. पुन्हा मांडले. एकशे वीस. मग पाटलीणबाईंना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतले. त्यांनीही एकशे वीसच सांगितले.

आचार्य संध्या आटोपून आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. "आज एक आवर्तन कमी पडले आहे."

"चिंचोका कमी पडला असेल."

"मी सर्वत्र शोधला."

"तुमच्या पंच्यात शोधलात?"

मी पंचा सोडून त्यांच्यासमोर झटकला. त्यातून काही पडले नाही. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "एक उचलून टाका ताम्हनात, आणि बांधा पुरचुंडी."

"न म्हटलेल्या आवर्तनाचा चिंचोका मी टाकणार नाही. उद्या एक आवर्तन अधिक करावे. कोणी करायचे असेल तर मी करतो."

"तुम्ही केलेत की अकरांतला एक बारा वेळा बसला असे होईल. मग उरलेल्या दहांपैकी एक चोर ठरला. कोण, ते तुम्हीच सांगा."

"मला ठाऊक नाही. कदाचित मीच असेन."

"कदाचित," ते म्हणाले. "अनुज्ञा नाही."

आचार्यांच्या अनुज्ञेवाचून केलेले आवर्तन यजमानाच्या संकल्पात जमा होत नाही. नदीवर एकटा बसून मी शंभर वेळा रुद्र म्हटला असता, तरी ते पुण्य माझे झाले असते. पाटलांचा आकडा एकाने उणाच राहिला असता. हे खरे आहे. आणि अनुज्ञेसाठी मी पुन्हा एकदाही विनवणी केली नाही, हेही तितकेच खरे आहे. उणीव गुपचूप भरून निघाली असती, तर बरोबर कोण होते हे कोणाला कळले नसते. आणि ते कळावे अशी माझी फार इच्छा होती.

न्यूनाबद्दल आचार्यांनी दुसऱ्या दिवशी पंगतीत एक शास्त्रार्थही केला. जपमाळेत मणी एकशे आठ असतात आणि आपण शंभर धरतो. वरचे आठ चुकांपोटी सोडलेले असतात. कर्माच्या अखेरीस उण्याअधिकाबद्दल क्षमा मागतो, ती कशासाठी? मी टोकाच्या पानावरून म्हणालो की क्षमा न कळलेल्या उणिवेची असते; जी कळली आहे तिची नव्हे. त्या दिवसापासून माझ्या पानावर वाढताना वाढपी सोडून सगळे दुसरीकडे पाहत.

रोज सायंकाळी आरतीनंतर गणकाने यजमानासमोर उभे राहून त्या दिवसापर्यंतची संख्या मोठ्याने सांगायची, असा नेम होता. पाटील खांबाला टेकून बसलेले असत. ते विचारत, "महाराज, आज कितलं व्हयनं?" साठाव्या दिवशी मी सांगितले, सात हजार दोनशे एकोणसाठ. त्यांनी भुवया आवळल्या. त्यांना अंकगणित येत नव्हते, पण रोज एकशे एकवीस वाढतात हे ते धरून होते. एवढ्यात मागून त्या गोरटेल्याचा आवाज आला, "आणि एक."

पाटलांनी आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही. "गणकमहाराज एकाने मागे चालतात," गोरटेला म्हणाला, "सवय आहे त्यांना."

त्यानंतर तो प्रघातच पडला. रोज मी संख्या सांगायची, आणि मागून दोघातिघांनी एका सुरात "आणि एक" म्हणायचे. पहिले काही दिवस गावकऱ्यांना हा विधीचाच भाग वाटला. पोरेही बरोबरीने म्हणू लागली. मला ते "उणेशास्त्री" म्हणू लागले. खापरच्या बाजारातून आलेल्या एका गूळवाल्याने तर मला भर रस्त्यात याच नावाने नमस्कार केला, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता.

मी संख्या बदलली नाही. उलट रोज आरतीच्या आधी ती पडताळून पाहत असे. अकराने भाग जातो का हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी पाहायची. त्यांची संख्या दररोज अकराला शरण जाई, माझी दररोज दहा शेष ठेवी. मला ते दहा जणच दिसत. साठ दिवस मी ही संख्या पुटपुटली नाही; उभा राहून, खणखणीत आवाजात, आचार्यांच्या तोंडाकडे पाहत सांगितली. ती खरी होती. पण सांगताना माझ्या मनात नवस नव्हता, पाटील नव्हते, देवही नव्हता.

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळचा प्रहर संपता संपता एकशे एकविसाव्या दिवसाचे पाठ झाले. कुंड पेटले होते. पंचक्रोशी लोटली होती. सातपुड्यातून ऊसतोडीला उतरलेली माणसेही देवळाबाहेर उकिडवी बसून होती. पाटलांना दोघांनी धरून आणले. पूर्णाहुतीचा नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला होता आणि प्रत्येक श्वासासरशी तो हलत होता.

"महाराज, कितलं व्हयनं?"

"चौदा हजार सहाशे चाळीस," मी म्हणालो.

"आणि एक," मागून उठलेला तो सूर आज गर्दीनेही उचलला. काही जण हसले. आचार्यांनी आहुतीचा स्रुवा हातात घेतला.

पाटलांनी मात्र नारळ उचलला नाही. ते श्वास घ्यायला थांबले. पाटलीणबाई पुढे होऊन म्हणाल्या, "यासले दम लागी ऱ्हायना, महाराज. आटपा आते." त्यांना हाताने मागे सारून पाटील म्हणाले, "दोन बामन, दोन आकडा. मी नारय कोनता आकडावर टाकू?"

"पाटील, मुहूर्त जातो आहे," आचार्य म्हणाले.

"मुहूर्त जाऊ द्या. मी अडानी मानूस शे. माले दखाडा, मोजीसन नको, दखाडा."

दाखवा, असे ते म्हणत होते. मी डालग्यातून साठावी पुरचुंडी काढली. गाठ माझ्या हातची होती, पट्टीवरचा अंकही. पाटलांच्या पायांपुढे जमीन पुसून घेतली आणि चिंचोके मांडू लागलो. मला आनंद झाला होता, आणि तो लपवण्याचा मी प्रयत्नही केला नाही. अकरा, अकरा, अकरा. अकरावी ओळ दहावर थांबली.

पाटील वाकून एकेक ओळ पाहत गेले. मग कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर त्यांनी काठीचे टोक ठेवले. "कपाशीनी चौफुली शे ही. आठे एक रोप मरेल शे." चौकोनी लावणीच्या कपाशीत इथे एक रोप मेले आहे, असे ते म्हणत होते.

गोरटेला म्हणाला, "चिंचोका हरवला म्हणजे मंत्र हरवला असे नाही, पाटील."

"गप्प बस," आचार्य म्हणाले.

त्यांनी स्रुवा खाली ठेवला होता. तो चौकोन त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. मी मोजायला बसे तेव्हा ते संध्येला गेलेले असत. त्यांची नजर त्या रिकाम्या कोपऱ्यावरून हलेना. पाटलांनी त्यांना काही विचारले नाही. मी विचारू शकलो असतो. तोंड उघडलेही होते. पण त्यांनी आसन ओढून कुंडासमोर घेतले, आचमन केले, यजमानाचे नाव व गोत्र उच्चारून संकल्प सोडला, आणि ते एकटेच रुद्र म्हणू लागले.

एकशे एकवीस दिवस मी तो आवाज दहा आवाजांत मिसळलेला ऐकला होता. रुद्रपाठात एकटा ऐकला तो त्याच दिवशी. एकही स्वर ढळत नव्हता. मी डोळे मिटून बसलो आणि किती वेळ गेला ते मला कळले नाही. रुद्राचा पहिला भाग, नमक, संपला. मग दुसऱ्या भागाचा, चमकाचा, अकरावा अनुवाक म्हणजे खंड आला. प्रत्येक आवर्तनाला चमकाचा एकेक अनुवाक जोडतात, आणि दिवसाच्या शेवटच्या आवर्तनाला हा शेवटचा. यात भक्त देवाकडे संख्याच मागतो: एकपासून तेहेतिसापर्यंत विषम, मग चारपासून अठ्ठेचाळिसापर्यंत चाराच्या पाढ्याने. आचार्य चढत चढत तेविसापर्यंत आले, आणि तिथून थेट तेहेतिसावर गेले. संस्कृतात तेवीस आणि तेहेतीस या दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे. थकलेली जीभ एकावरून दुसऱ्यावर घसरते. ज्याने ते हजारो वेळा म्हटले आहे त्याचीच घसरते. नवशिक्या जपून पाय टाकतो.

ते थांबले. चूक त्यांना माझ्याआधी कळली होती. पण मागे येऊन धागा सापडेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. समोर माझ्याखेरीज नऊ वैदिक बसले होते आणि एकाचीही आचार्यांना शब्द सुचवण्याची छाती झाली नाही.

"पंचविंशति," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत उपकाराचे काही नव्हते. मग त्यांनी अनुवाक आरंभापासून धरला, एक, तीन, पाच, आणि या वेळी तेविसानंतर पंचवीस म्हटले, सत्तावीस म्हटले, आणि अठ्ठेचाळिसापर्यंत जाऊन तो पुरा केला.

साठाव्या दिवशी काय घडले असेल हे मला तिथे बसल्या बसल्या कळले. अकरा आवाजांच्या गदारोळात त्यांची जीभ याच जागी घसरली असणार आणि कोणाला ऐकू गेले नसणार. ते आवर्तन त्यांनी मोडलेले धरले आणि त्याचा चिंचोका ताम्हनात टाकला नाही. तोंडाने ते कबूल झाले नाहीत, पण हाताने खोटे केले नाही. टाकला असता तर कोणालाही, मलाही, कधीच कळले नसते. मी पंचा झटकला तेव्हाही ते गप्प राहिले, आणि नंतरचे साठ दिवस माझी फजिती ऐकत बसले. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहिल्या, याचा निर्णय मला आजही करता येत नाही.

आचार्य उठले. पाटलीणबाईंच्या मडक्यातून एक चिंचोका त्यांनी स्वतः घेतला, वाकून चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवला, आणि मला म्हणाले, "सांगा."

"चौदा हजार सहाशे एक्केचाळीस."

मागून कोणी काही बोलले नाही. पाटलांनी नारळ कुंडात सोडला तेव्हा त्यांचा हात धरायला दोन माणसे लागली. मग ते तिथेच मांडी घालून बसले आणि डोळे मिटून, धाप लागलेली असतानाही, कितीतरी वेळ हसत होते.

पारण्याच्या दिवशी आम्ही निघालो. निरोप घेताना पाटलांनी आचार्यांचे पाय धरले आणि नंतर माझेही. आचार्यांनी ते पाहिले. रेल्वे गाठायची तर तापी ओलांडावी लागे. गाठोडे घेऊन मी घाटावर पोहोचलो तोवर बाकीचे होडीत बसले होते. होडी मोठी होती. आणखी चार माणसे सहज मावली असती. मी पाण्यात पाऊल घातले, तसा गोरटेला उठून माझ्या बाजूच्या फळीवर गाठोडे ठेवून बसला. कोणी सरकले नाही.

भोई वल्हे धरून थांबला होता. तो आचार्यांना म्हणाला, "महाराज, एक जन ऱ्हाई गया."

"राहू दे," आचार्य म्हणाले. "दहाने भागले की एक उरतोच. त्यांनाच विचार, तेच सांगतील."

दहाही जण हसले. भोयाने माझ्याकडे पाहिले. मी जा म्हणून मान डोलावली, आणि त्याने होडी लोटली. पाण्यातून पाऊल मागे घेऊन मी वाळूवर बसलो. त्यानंतर त्या भागात कोणी मला गणक म्हणून बोलावले नाही, आणि पाठालाही नाही. त्या दिवशी मात्र होडी परत यायला पाऊण तास लागला. मध्यान्ह झाली होती. मी तिथेच संध्या केली, आणि जप मोजायला बोटांची पेरे धरली तेव्हा, चार महिन्यांत पहिल्यांदाच, दोनदा चुकलो.